सोव्हिएत संघाचे शेजारी बारा की चौदा?

प्रश्न असा आहे: "सोव्हिएत संघाची सीमा किती देशांना लागून होती? जुन्या गाईडमध्ये १२, नव्या नोट्समध्ये १४ आणि सराव पेपरच्या उत्तरतालिकेत चक्क १३ दिलंय. हरकत घ्यायची तर कोणता आकडा धरून घ्यायची? आणि ही नावं पाठ कशी करायची? भारतही एके काळी सोव्हिएतचा शेजारी होता असं एकानं सांगितलं, ते खरं का?"

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवून माझे केस पांढरे झाले, पण दर दोन-तीन वर्षांनी हा घोळ नव्यानं माझ्यापुढे येतोच. आधी उत्तर देतो. दुसऱ्या महायुद्धानंतरचा सोव्हिएत संघ धरला तर जमिनीवरचे शेजारी १२. चौदा हा आजच्या रशियाचा आकडा, कुणीतरी तो उचलून सोव्हिएतच्या नावावर चिकटवलाय. तेरा कुठून आला म्हणाल, तर समुद्रापलीकडच्या जपान आणि अमेरिका या दोघांपैकी एकालाच मोजलं की तेरा होतात. मोजायचे तर दोन्ही मोजा, नाहीतर एकही नको.

आता ते बारा. नकाशावर बोट वरती डावीकडे, आर्क्टिकच्या काठावर ठेवा आणि खाली सरकत या. नॉर्वे, फिनलंड, मग बाल्टिक समुद्र. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया, मग काळा समुद्र. तुर्कस्तान, इराण (मध्ये कॅस्पियन, पलीकडे पुन्हा इराण), अफगाणिस्तान, चीन, मंगोलिया, पुन्हा चीन, आणि शेवटी समुद्राला टेकताना उत्तर कोरिया. झाले बारा. चीन दोनदा येतो तिथे मुलं हमखास अडखळतात. मी वर्गात ट्रेसिंग पेपर देतो आणि ही रेघ पाच वेळा गिरवायला लावतो. नावं पाठ करायला लावत नाही, हाताला वळण लागलं की ती आपोआप येतात.

एकूण सीमा साठ हजार किलोमीटरहून जास्त. त्यातली जमिनीवरची साधारण एक तृतीयांश, म्हणजे वीस हजारांच्या आसपास. बाकी सगळा समुद्र, आणि त्यातलाही बराचसा वर्षातले कित्येक महिने गोठलेला.

पण खरं सांगायचं तर "किती शेजारी" हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या साली, हे आधी विचारा. १९३९च्या उन्हाळ्यात हीच रेघ गिरवली असती तर यादी भलतीच आली असती. तेव्हा नॉर्वे शेजारी नव्हता, कारण आर्क्टिकच्या किनाऱ्यावरचा पेत्सामो नावाचा पट्टा १९२०पासून फिनलंडकडे होता आणि तो दोघांच्या मध्ये होता. एस्टोनिया आणि लाटव्हिया हे स्वतंत्र देश म्हणून शेजारी होते. लिथुआनिया मात्र नव्हता, मध्ये पोलंडच्या ताब्यातला विल्नियसचा भाग होता. हंगेरी सोव्हिएत सीमेपासून दूर, आणि चेकोस्लोव्हाकिया तर त्याच मार्चमध्ये हिटलरनं मोडून टाकला होता. मंगोलियाच्या बाजूला तन्नू तुवा नावाचा एक चिमुकला देश होता, तो १९४४ साली मॉस्कोनं गुपचूप पोटात घेतला. आणि जपान? जपान तर जमिनीवरचा शेजारी होता! रशिया आणि जपान यांच्यातल्या १९०५च्या पोर्ट्स्मथ तहानं सखालिन बेटाचे दोन तुकडे झाले होते, ५०व्या अक्षवृत्तावर. तिथे रोवलेल्या मुख्य सीमाशिळांच्या एका अंगाला जपानी शेवंती, दुसऱ्या अंगाला झारचा दोन डोक्यांचा गरुड. ३ जानेवारी १९३८ला ओकादा योशिको ही नामवंत जपानी अभिनेत्री आपल्या दिग्दर्शक प्रियकरासोबत ही रेघ ओलांडून सोव्हिएतमध्ये पळाली. कामगारांच्या स्वर्गात निघालो आहोत अशी त्यांची समजूत. दोघांनाही हेर ठरवलं गेलं. त्याला पुढच्याच वर्षी गोळी घातली आणि तिनं बरीच वर्षं तुरुंगात काढली. १९४५मध्ये अख्खं सखालिन सोव्हिएतकडे आलं आणि ती रेघ पुसली गेली.

म्हणजे बारा हा आकडा तयार झाला तो १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकाच दिशेनं: सीमा बाहेर सरकली.

फिनलंडचं उदाहरण घ्या. जुनी सीमा लेनिनग्राडपासून फक्त ३२ किलोमीटरवर होती. पुण्याहून लोणावळासुद्धा याहून लांब. स्टालिनला ते सलत होतं. ३० नोव्हेंबर १९३९ला हल्ला झाला, १३ मार्च १९४०ला युद्ध थांबलं, विबोर्ग शहर आणि कारेलियाचा मोठा भाग गेला. तिथले चार लाखांहून जास्त लोक घरदार सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये गेले. सोव्हिएत राज्यात राहायला जवळजवळ कुणीच थांबलं नाही. १९४४मध्ये पेत्सामोही गेलं, आणि तेव्हा कुठे नॉर्वे शेजारी झाला. त्याच ऑक्टोबरात सोव्हिएतच्या लाल सैन्यानं जर्मनांना हुसकत नॉर्वेतलं किर्केनेस गाव घेतलं आणि पुढच्या सप्टेंबरात चक्क परत केलं. पूर्व युरोपात जिथे जिथे लाल सैन्य शिरलं तिथे असं फारसं घडलं नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

माझा सगळ्यात आवडता कोपरा मात्र कार्पेथियन डोंगरापलीकडचा, ट्रान्सकार्पेथिया. जेमतेम आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढा भाग. तिथल्या म्हाताऱ्याचा एक किस्सा त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. जन्मला ऑस्ट्रिया-हंगेरीत, शाळा शिकला चेकोस्लोव्हाकियात, लग्न केलं हंगेरीत, नोकरी केली सोव्हिएत संघात, पेन्शन खातोय युक्रेनमध्ये. "बराच फिरलात की!" असं कुणी म्हटलं तर तो म्हणतो, "छे, मी गाव कधी सोडलंच नाही." यात विनोद थोडा आणि इतिहास जास्त. २९ जून १९४५च्या करारानं चेकोस्लोव्हाकियानं हा तुकडा सोव्हिएतला दिला. क्षेत्रफळ बघाल तर नगण्य, पण नकाशावर त्याची जागा बघा. तो डोंगराच्या पलीकडच्या उतारावर आहे. तो मिळाल्याबरोबर सोव्हिएत संघ एका फटक्यात चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी या दोघांचा शेजारी झाला, आणि मधली कार्पेथियनची भिंत निरुपयोगी झाली. पुढे १९५६मध्ये हंगेरीतला उठाव चिरडायला बुडापेस्टला आणि १९६८मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या सुधारणा मोडायला प्रागला रणगाडे निघाले तेव्हा त्यांना डोंगर ओलांडावा लागला नाही, हंगेरीचं सपाट मैदान समोरच होतं. दोन शेजारी मिळवून देणारा एवढासा तुकडा दुसरा शोधून सापडायचा नाही.

त्याच सीमेवर सेल्मेन्त्स नावाचं हंगेरियन भाषकांचं जोडगाव आहे. मधोमध रेघ आली, थोरलं चेकोस्लोव्हाकियात आणि धाकटं सोव्हिएतमध्ये. भाऊ इकडे, बहीण तिकडे. पायी ओलांडायचं फाटक तिथे उघडलं ते थेट २००५ साली, तोवर दोन्ही देशांची नावंसुद्धा बदलली होती.

पोलंड आणि रुमानियाबद्दल थोडक्यात. २३ ऑगस्ट १९३९च्या सोव्हिएत-जर्मन मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप कराराच्या गुप्त कलमांनी पोलंड दोघांत वाटला गेला, पूर्वेचा भाग सोव्हिएतकडे आला, आणि युद्धानंतरही त्यातला बहुतेक परत मिळाला नाही. पोलंडला भरपाई म्हणून पश्चिमेला जर्मनीचा भाग दिला, म्हणजे अख्खा देशच उचलून डावीकडे ठेवला. रुमानियाकडून १९४०मध्ये बेसारेबिया आणि उत्तर बुकोव्हिना घेतलं, आणि प्रुत नदी सीमा झाली.

दक्षिणेची रेघ त्या मानानं जुनी आणि शांत. तुर्कस्तानची सीमा १९२१च्या मॉस्को आणि कार्स तहांपासून तीच. १९४५मध्ये स्टालिननं कार्स आणि अर्दहान परत मागून पाहिलं. परिणाम उलटा झाला, तुर्कस्तान १९५२मध्ये नाटोत जाऊन बसला. (परीक्षेला विचारतात: सोव्हिएतला जमिनीवरून भिडणारे नाटो देश दोनच, नॉर्वे आणि तुर्कस्तान.) अरारात पर्वत आर्मेनियाच्या येरेव्हान शहरातून रोज दिसतो, पण आहे तुर्कस्तानात. सोव्हिएत आर्मेनियाच्या बोधचिन्हावर तो होता. तुर्कांनी हरकत घेतली तेव्हा "तुमच्या झेंड्यावर चंद्र आहे, तोही तुमच्या मालकीचा का?" असं उत्तर मिळालं म्हणतात. दंतकथा असेल, पण वर्गात चालते. इराणची सीमा कॉकेशसच्या बाजूला १८२८च्या तुर्कमानचाय तहाची, बरंच अंतर अरास नदीच्या काठानं जाणारी. कॅस्पियन समुद्र तेव्हा फक्त या दोघांचा होता. १९९१नंतर दोनाचे पाच झाले आणि पाणी कुणाचं हे ठरवणारा करार व्हायला २०१८ उजाडलं.

आता ही सीमा जमिनीवर दिसायची कशी, तेही ऐका, कारण पुस्तकात ते येत नाही. सीमा सांभाळायचं काम सैन्याचं नव्हे, केजीबी या गुप्तचर खात्याच्या सीमादलाचं. हिरव्या टोपीचे जवान. २८ मे १९१८ हा त्यांचा स्थापनादिन, रशियात तो अजून पाळतात. त्यांचं मुख्य हत्यार बंदूक नव्हतीच, नांगर होता. कुंपणालगत जमिनीचा एक पट्टा नांगरून, दात्याच्या फळीनं सारखा करून ठेवायचे. रात्री कुणी गेलं की सकाळी पाऊल उमटलेलं. एस्टोनिया-लाटव्हियाच्या किनाऱ्यावर तर समुद्राकाठची वाळूसुद्धा संध्याकाळी अशीच विंचरून ठेवत. कुंपण बहुतेक ठिकाणी सीमारेषेवर नसून बरंच आत होतं, आणि सीमेजवळच्या गावांत जायला सोव्हिएत नागरिकालाही वेगळा परवाना लागे. बाहेरून येणाऱ्यापेक्षा आतून निघणाऱ्याची धास्ती जास्त होती हे त्यावरून कळतं.

यातली एक गंमत आपल्याकडची आहे. निकिता कारात्सुपा नावाचा सीमारक्षक तिकडे लहान मुलांचा हिरो होता. घुसखोर पकडण्यात पटाईत, आणि सोबत त्याचा कुत्रा. कुत्र्याचं नाव 'इंदुस'. रशियन भाषेत याचा अर्थ हिंदू, भारतीय. भारत स्वतंत्र झाला, मैत्री वाढली, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे काही बरं दिसत नाही. छापील मजकुरात कुत्र्याचं नाव 'इंगुस' झालं. मॉस्कोच्या 'प्लोश्चद रेव्होल्युत्सी' या मेट्रो स्टेशनात सीमारक्षक आणि कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा आहे. येणारेजाणारे परीक्षेच्या दिवशी त्या कुत्र्याच्या नाकाला हात लावतात, नाक झिजून सोन्यासारखं चमकतंय. तुम्हा लोकांना उपयोगी माहिती.

आणि रेल्वे. सोव्हिएत रुळांची रुंदी १,५२० मिलिमीटर, युरोपची १,४३५. पोलंडच्या सीमेवर ब्रेस्टला प्रवाशांसकट डबे उचलून खालची चाकं बदलायची. मिरजेला एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही होत्या, तिथे आपण सामान घेऊन गाडी बदलायचो. इथे गाडी तीच, चाकं नवी. फिनलंड आणि मंगोलियात मात्र हा त्रास नव्हता, रुंदी जवळपास सारखीच. कोण कुणाच्या छायेत वाढलं ते रुळांवरूनही वाचता येतं.

चीनवर थोडं थांबायला हवं. सगळ्यात लांब सीमा त्याच्याशी, साडेसात हजार किलोमीटरच्या घरात. १८५८चा आयगुन आणि १८६०चा पेकिंग हे दोन तह झारनं दुबळ्या चीनकडून करून घेतले. अमूरच्या उत्तरेचा आणि उसुरीच्या पूर्वेचा प्रदेश गेला, आणि चीनचा जपानच्या समुद्राशी संबंधच तुटला. तुमेन नदीच्या मुखाशी आजही चीनची हद्द समुद्राच्या जेमतेम पंधरा किलोमीटर अलीकडे संपते. पुढे नदीच्या एका काठाला रशिया, दुसऱ्याला उत्तर कोरिया, साधारण १७ किलोमीटरची सीमा. बारा शेजाऱ्यांत सगळ्यात आखूड तीच.

१९६९च्या चकमकीचं मूळही एका तांत्रिक मुद्द्यात होतं. नदी सीमा असेल तर रेघ कुठे धरायची? जगभरची रीत म्हणजे मुख्य प्रवाहाची, सगळ्यात खोल पाण्याची रेघ. सोव्हिएतचं म्हणणं, जुन्या नकाशात रेघ चिनी काठानं जाते, म्हणजे सगळं पाणी आणि सगळी बेटं आमची. उसुरी नदीतलं दमान्स्की बेट, चिनी नाव झेनबाओ, एक चौरस किलोमीटरही भरत नाही. २ मार्च १९६९ला तिथे गोळ्या झाडल्या गेल्या, १५ मार्चला पुन्हा मोठी चकमक झाली, आणि दोन अण्वस्त्रधारी कम्युनिस्ट देश युद्धाच्या तोंडाशी आले. मे १९९१मध्ये, म्हणजे संघ मोडायच्या सात महिने आधी, मॉस्कोनं खोल पाण्याचं तत्त्व मान्य केलं. बेट चीनकडे गेलं. उरलेल्या बेटांचा शेवटचा हिशोब २००८मध्ये मिटला.

समुद्रातल्या शेजाऱ्यांपैकी अमेरिका अगदी जवळची, हे सांगितलं की मुलं चमकतात. बेरिंग सामुद्रधुनीत डायोमीड नावाची दोन बेटं आहेत, थोरलं सोव्हिएतचं, धाकटं अमेरिकेचं, मध्ये चार किलोमीटर पाणी आणि आंतरराष्ट्रीय वाररेषा. १९८७च्या ऑगस्टमध्ये लिन कॉक्स ही अमेरिकन जलतरणपटू धाकट्यावरून थोरल्यावर पोहत गेली. जपानशी भांडण कुरिल बेटांच्या दक्षिण टोकावरच्या चार बेटांचं. १९५६मध्ये युद्धस्थिती संपल्याचं जाहीर झालं, शांतता तह अजून नाही.

आता चौदा. इथे एक गोष्ट बहुतेक नोट्समध्ये नसते. १९३६च्या राज्यघटनेवर बोलताना स्टालिननं संघाचं प्रजासत्ताक (म्हणजे संघाचं थेट घटक राज्य) कुणाला म्हणायचं याच्या अटी सांगितल्या. पहिली अट: ते कडेला हवं. घटनेत फुटून निघण्याचा हक्क आहे, आणि चारी बाजूंनी सोव्हिएत भूमीनं वेढलेलं प्रजासत्ताक फुटून जाणार कुठे? तातार आणि बश्कीर लोकांना म्हणूनच संघाचं प्रजासत्ताक मिळालं नाही, ते रशियाच्या पोटात राहिले. तो हक्क कुणी वापरेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसणार. पण परिणाम असा की रशिया सोडून चौदाही प्रजासत्ताकं संघाच्या कडेनं, पश्चिमेपासून दक्षिणेपर्यंत, मांडून ठेवलेली होती. डिसेंबर १९९१मध्ये संघ मोडला, २१ डिसेंबरला कझाकस्तानातल्या अल्मा-अता इथे आहेत त्या सीमा मान्य करायचं ठरलं, आणि ती कड सुटी झाली.

तिच्यासोबत शेजारीही गेले. चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान हे सहा रशियापासून तुटले. उरले सहा: नॉर्वे, फिनलंड, पोलंड, चीन, मंगोलिया, उत्तर कोरिया. त्यातला पोलंड फक्त कॅलिनिनग्राड या रशियाच्या बाल्टिककाठच्या सुट्या तुकड्यामुळे. त्यात कालचे घरचेच आठ नवे शेजारी मिळवा: एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, बेलारूस, युक्रेन, जॉर्जिया, अझरबैजान, कझाकस्तान. सहा आणि आठ चौदा. एकट्या कझाकस्तानशी रशियाची सीमा साडेसात हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे जुन्या चीन सीमेएवढी, आणि तिथे १९९१पर्यंत जिल्ह्या-जिल्ह्यांत असते तशी प्रशासकीय हद्द होती. मध्य आशियातल्या फरगाना खोऱ्यात अशाच कागदी हद्दींवरून पाण्यासाठी आणि रस्त्यासाठी माणसं मेली. किरगिझस्तान आणि ताजिकिस्तानचा करार मार्च २०२५मध्ये झाला, तेव्हा कुठे तिथली रेघ पक्की झाली.

हरकतीत १२ लिहा, आणि "दुसऱ्या महायुद्धानंतर, जमिनीवरील सीमा" हे शब्द गाळू नका. आकड्यामागे बारा नावंही लिहा.

राहिला भारत. तुमच्या मित्राचं चुकलं, पण फार थोडक्यात चुकलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशिया पामीरपर्यंत खाली आला होता आणि ब्रिटिश हिंदुस्थान गिलगिटपर्यंत वर चढला होता. दोघांनाही एकमेकांना भिडायचं नव्हतं. म्हणून १८९५मध्ये मधली वाखानची पट्टी अफगाणिस्तानला देऊन टाकली. अमीर अब्दुर रहमानला ती फारशी नको होती, तरी गळ्यात मारली. पूर्वेकडे जाणारी ही लांबट शेपटी अरुंद ठिकाणी पंधराएक किलोमीटर रुंद आहे. तिच्या उत्तरेला सोव्हिएत ताजिकिस्तान, दक्षिणेला जम्मू-काश्मीर संस्थानाचा गिलगिटचा भाग. तो पाकिस्तानच्या ताब्यात असला तरी आपण तो आपला मानतो. भारताची अफगाणिस्तानशी १०६ किलोमीटर सीमा असं आपल्या पुस्तकांत असतं, ती हीच. सोव्हिएतशी मात्र शून्य.